एन्झाइमची साक्ष, चिलटांचं आयुष्य

१९९४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा शोधलेख आला. अमेरिकेतल्या डॅलसचे विल्यम ऑर आणि राजिंदर सोहल यांनी फळमाश्यांच्या, म्हणजे पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या चिलटांच्या, पेशींत दोन जनुकांच्या जादा प्रती घातल्या होत्या. एका जनुकापासून सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम बनतं, दुसऱ्यापासून कॅटलेज. ऑक्सिजन वापरताना पेशीत जे उपद्रवी रेणू तयार होतात त्यांचा निचरा करणं हे या दोघांचं काम. ही चिलटं नेहमीपेक्षा जास्त जगली. काहींचं आयुष्य तर एक तृतीयांशाने वाढलं. २००३ मध्ये याच दोघांचा, सहकाऱ्यांसह लिहिलेला आणखी एक लेख आला. चिलटं वेगळ्या वाणाची, एन्झाइमं तीच आणि शिवाय आणखी दोन. या वेळी आयुष्य वाढलं नाही.

मला बायोकेमिस्ट्री शिकवणारे सर पहिल्या लेखाच्या बाजूचे. माझ्यामागून त्यांच्याच हाताखाली शिकलेली एक जण पुण्यात चिलटांवरच संशोधन करते. ती दुसऱ्या लेखाच्या बाजूची. दोघं भेटली की हा विषय निघतोच. परवा सर तिची प्रयोगशाळा बघायला गेले तेव्हा मी सोबत होतो. बोलणं झालं ते शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत देतो. मला कोणाचं पारडं कुठे जड वाटलं तेही सांगतो, कारण या वादात मला मनापासून रस आहे.

सर : हार्मनचं चुकलं कुठे ते आधी सांग. शेल कंपनीत रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम केलेला माणूस, पुढे डॉक्टर झाला. फ्री रॅडिकल, म्हणजे असेच उपद्रवी रेणू, काय नासधूस करतात ते त्याला प्रयोगशाळेतून ठाऊक होतं. १९५६ मध्ये तो म्हणाला, शरीरातही तेच होतं आणि त्यालाच आपण म्हातारपण म्हणतो. त्या वेळी लोकांनी मनावर घेतलं नाही, कारण शरीरात असे रेणू खरोखर असतात याचाच पुरावा नव्हता. मग १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं की रक्तातलं एक तांबेयुक्त प्रथिन सुपरऑक्साइड मोडतं. प्रथिन कितीतरी वर्षं माहीत होतं, पण ते करतं काय हे कोणाला सांगता येत नव्हतं. आता मला सांग, जिथे चोर नाही तिथे निसर्ग पहारेकरी कशाला नेमेल?

शिष्या : पहारेकरी आहे म्हणजे चोर आहे, इथवर मान्य. पण घर पडलं ते चोरामुळेच, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

सर : मग पहारा काढून बघू. १९८९ मध्ये कॅनडातल्या गटाने हे तांबेयुक्त सुपरऑक्साइड डिसम्युटेज अजिबात नसलेली चिलटं तयार केली. नर वंध्य निघाले, आयुष्य फार आखूड झालं, आणि पॅराक्वाट हे तणनाशक चाटवलं की तडकाफडकी मेली, कारण पॅराक्वाट पेशीत सुपरऑक्साइडच तयार करतं. पुढे तंतुकणिकेतलं, मँगनीज असलेलं डिसम्युटेज काढून टाकलं, तर चिलटं कोशातून बाहेर आल्यावर जेमतेम एक दिवस जगली. एक दिवस! याहून सरळ साक्ष कोणती हवी?

शिष्या : सर, आमटीत मीठ नसेल तर ती घशाखाली उतरत नाही. म्हणून मूठभर मीठ जास्त घातल्यावर ती जास्त चवदार होते का? एन्झाइम नसलं की चिलट मरतं यावरून एवढंच कळतं की एन्झाइम जगायला लागतं. जगायला लागणाऱ्या गोष्टी शेकडो आहेत. त्यातली एखादी काढली की प्राणी लवकर मरणारच, पण ते मरण म्हातारपणाचं मरण नव्हे. आणि कॅटलेजचं काय? ते चिलटांमध्ये बरंच कमी करूनही आयुष्याला धक्का लागला नाही. अगदी शून्याजवळ नेलं तेव्हाच ती लवकर मेली. आयुष्याची लांबी एन्झाइमच्या मापावर ठरत असती, तर जितकं एन्झाइम कमी केलं तितकं आयुष्यही कमी व्हायला हवं होतं.

हा मुद्दा मला पटतो, आणि तो चिलटांपुरताच नाही असंही वाटतं. एखाद्या गोष्टीच्या अभावाने हानी होते इथून तिच्या विपुलतेने लाभ होतो इथपर्यंत आपण फार सहज उडी मारतो. त्या उडीच्या जोरावर औषधांच्या दुकानातला एक अख्खा कप्पा उभा आहे. पण सरांनी उत्तर तयार ठेवलं होतं.

सर : म्हणूनच तर ऑर आणि सोहल यांनी वाढवून बघितलं. आणि कसं बघितलं ते नीट लक्षात घे. आधी १९९२ मध्ये एकटं कॅटलेज वाढवलं, आयुष्य वाढलं नाही. मग एकटं डिसम्युटेज वाढवलं, तरी हाती फारसं काही लागलं नाही. रसायनशास्त्र जाणणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. डिसम्युटेज सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, आणि पेरॉक्साइड हेही विषच. ते मोडायला कॅटलेज हवं. एक जण कचरा दुसऱ्याच्या दारात ढकलतो, दुसरा तो उचलून नेतो. दोघं मिळूनच काम होतं. म्हणून १९९४ मध्ये दोन्ही जनुकं एकत्र घातली, तर आयुष्य वाढलं. नुसतं वाढलं नाही. प्रथिनांची ऑक्सिडेशनने होणारी मोडतोड कमी झाली, हालचाल मंदावायला जास्त वेळ लागला, आणि मरण्याचा वेग दुप्पट व्हायला लागणारा काळ लांबला. चार खुणा, चारही एकाच दिशेला. आधी सिद्धांत, मग अंदाज, मग प्रयोग. असं सुबक काम जीवशास्त्रात किती वेळा बघायला मिळतं?

शिष्या : सुबक आहेच. पण माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या चिलटांशी तुलना केली, ती किती जगत होती?

इथे ती आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेली. खोलीचं तापमान २५ अंशांवर बांधलेलं. रॅकवर बोटभर लांबीच्या नळ्यांच्या ओळी, तळाशी मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर यांचा पिवळसर थर, तोंडाला कापसाचा बोळा. खोलीभर आंबूस वास. प्रत्येक नळीत वीस-पंचवीस चिलटं. दर दोन-तीन दिवसांनी जिवंत चिलटं नव्या नळीत हलवायची, मेलेली मोजायची, वहीत नोंद करायची, आणि शेवटचं चिलट मरेपर्यंत हे चालू ठेवायचं. तिने एक नळी उजेडासमोर धरली. ओल्या अन्नात एका चिलटाचे पंख रुतून बसले होते. ते चिकटून मेलं होतं. वहीत त्याचा रकाना वेगळा, कारण ते वयाने गेलेलं नाही. ते इतर मृतांत मिसळलं तर आलेखच खोटा होतो. मग तिने दोन नळ्या टेबलावर हलकेच आपटल्या. तरुण चिलटं क्षणात वर बोळ्यापर्यंत चढली. म्हातारी तळाशीच घुटमळत राहिली. एकाने काचेवर चढायला घेतलं आणि अर्ध्यावरून ते घसरलं. ‘हालचाल मंदावणं’ हे शब्द सरांनी तासाभरापूर्वी उच्चारले होते. ते असे दिसतात.

शिष्या : चांगल्या वाणाची चिलटं या तापमानाला दोन महिने आणि त्याहून जास्तही जगतात. पण बाहेरून जनुक घालायचं तर ठरावीक प्रयोगशाळी वाण वापरावे लागतात. ते पिढ्यान्‌पिढ्या आपसात वाढलेले, त्यांच्यात कुठलं ना कुठलं दुबळेपण साचलेलं. शिवाय नवं जनुक गुणसूत्रावर कुठे जाऊन बसेल हे त्या काळी हातात नव्हतं, आणि जागेप्रमाणे आयुष्य बदलू शकतं. मग मुळातच अल्पायुषी असलेल्या वाणात एन्झाइम वाढवल्यावर आयुष्य वाढलं, तर नक्की काय झालं? म्हातारपण लांबलं, की त्या वाणात जी उणीव होती ती भरून निघाली? हा प्रश्न दुसऱ्या कोणी नाही, ऑर आणि सोहल यांनीच स्वतःला विचारला. त्यांनी जास्त जगणारे वाण घेतले, तुलनेची चिलटं काटेकोर निवडली, तंतुकणिकेतलं डिसम्युटेज आणि थायोरेडॉक्सिन रिडक्टेज हेही वाढवून बघितलं. फायदा झाला नाही. आपल्याच नावाने जगभर गाजलेला निष्कर्ष त्यांनी स्वतःच तपासायला घेतला, आणि जे हाती आलं ते छापलं. माझ्याकडे नवीन मुलं येतात तेव्हा मी त्यांना हे दोन लेख शेजारी ठेवून वाचायला लावते.

सर गप्प राहिले नाहीत, आणि तिथेच मला या वादाची खरी गोडी वाटते. १९९४चा निष्कर्ष डळमळला म्हणून सगळा सिद्धांत कोसळला असं मानायला ते तयार नव्हते. त्यांच्याकडे आणखी दोन पुरावे होते, आणि दोन्ही भक्कम.

सर : वाणाचा आक्षेप मी समजतो. मग ज्या प्रयोगात वाण तोच राहतो, त्याचं काय करशील? १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉन टॉवर यांच्या गटाने जनुक असं बसवलं की ते गप्प राहावं, आणि प्रौढ चिलटाला थोडा वेळ ऊब दिली की कायमचं चालू व्हावं. म्हणजे दोन्ही गट एकाच घडणीचे. फरक फक्त त्या एका कळीचा. वाढ किती? ४८ टक्क्यांपर्यंत. आणि त्याआधी १९९८ मध्ये पार्क्स आणि सहकाऱ्यांनी माणसाचं डिसम्युटेज चिलटाच्या सगळ्या शरीरात नव्हे, फक्त स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशींत घातलं, तर आयुष्य ४० टक्क्यांपर्यंत वाढलं. मूठभर पेशी वाचवल्या आणि अख्खं चिलट जगलं. यावरून निदान एवढं तरी म्हण की म्हातारपण कुठून सुरू होतं त्याचा पत्ता लागतोय.

शिष्या : चेतापेशींचा प्रयोग दुसऱ्या गटाने दीर्घायुषी वाणांत करून बघितला, २००३ मध्येच. परिणाम वाणावर अवलंबून निघाला आणि नर-मादीवरही. एका वाणात आयुष्य वाढतं, दुसऱ्यात नाही. जे म्हातारपणाचं मूळ आहे ते असं घर बदललं की बदलत नाही. टॉवर यांचा प्रयोग मात्र माझ्या घशात अडकतो, हे खरं. त्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. ऊब देण्याचाच काही परिणाम असेल म्हणावं, तर ऊब दिलेले, पण जनुक नसलेले गटही त्यांनी ठेवले होते. शिवाय २००५ मध्ये ऑर यांच्याच प्रयोगशाळेने ग्लुटाथायोन हा संरक्षक रेणू बनवणाऱ्या एन्झाइमचं प्रमाण चेतापेशींत वाढवलं, तेव्हा ५० टक्क्यांपर्यंत वाढ मिळाली. हे मी बाजूला सारत नाही.

सर : मग अडचण कुठे आहे?

शिष्या : अडचण उलट्या प्रयोगांची आहे. सिद्धांत खरा असेल तर ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवल्यावर आयुष्य घटायला हवं. २०१३ मध्ये हार्वर्डच्या नॉर्बर्ट पेरिमन यांच्या गटाने चिलटाच्या स्नायूंत तंतुकणिकेचं काम थोडंसं बिघडवलं. पेरॉक्साइडसारखे रेणू वाढले, आणि चिलटं जास्त जगली. त्याच चिलटांत अँटिऑक्सिडंट एन्झाइम वाढवलं तर फायदा गेला! म्हणजे तुमच्या पहारेकऱ्यानेच घात केला. तो थोडासा त्रास हा निरोप होता: डागडुजी सुरू करा. निरोप पुसला की डागडुजी झाली नाही. गोलकृमींत तर मॉन्ट्रियलच्या हेकिमी यांच्या गटाने तंतुकणिकेतलं डिसम्युटेज काढलं, ते जास्त जगले. पुढे पाचही डिसम्युटेज काढली, आयुष्य नेहमीइतकंच. उंदरांत असे अठरा वेगवेगळे बदल करून बघितले, त्यांतल्या एकातच सिद्धांताला धरून आयुष्य घटलं. इतकं बघितल्यावर मला वाटतं, फ्री रॅडिकलना दोषी ठरवताना आपण चोर सोडून संन्याशाला सुळी देतोय.

सर : थांब. ते पाच डिसम्युटेज नसलेले कृमी कुठे जगले? प्रयोगशाळेच्या बशीत, मऊ अन्नावर, ना ऊन ना रोग. त्यांना जरा ताण दिला की काय होतं?

शिष्या : लवकर मरतात. ताण अजिबात सोसत नाहीत.

सर : बघ. पहारेकऱ्याची परीक्षा शांत रात्री होत नाही. निसर्गात कुठलाही प्राणी बशीत जगत नाही. उपास, उष्णता, जंतू, विष हे रोजचं आहे. तुमचा प्रयोग सगळा ताण काढून टाकतो आणि मग म्हणतो, ताणाने काही होत नाही. आणि संन्याशाचं म्हणशील तर २०२० मध्ये हार्वर्डमधूनच काय आलं? झोप मिळू दिली नाही की चिलटाच्या आतड्यात हेच रेणू साचत जातात आणि ते लवकर मरतं. मग अन्नातून अँटिऑक्सिडंट दिलं, किंवा आतड्यातल्या पेशींत एन्झाइम वाढवलं, तर झोप नसतानाही नेहमीइतकं आयुष्य. उंदरांच्या आतड्यातही तसाच साठा दिसला. हा कुठला निरोप? हे सरळ विष आहे.

शिष्या : तिथे विष आहे, मान्य. पण आयुष्य नेहमीइतकंच झालं, सर, नेहमीपेक्षा जास्त नाही. पुन्हा भरपाईच. जिथे ताण आयुष्य कापत होता तिथे एन्झाइमने ते कापणं थांबवलं. मला त्या कामात आवडलं ते वेगळंच: झोप मेंदूची, पण मरण आतड्यातून आलं. म्हणजे ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ असं अख्ख्या शरीराचं एकच माप नसतंच. स्नायूत थोडा हवाहवासा, आतड्यात जीवघेणा. ताण कुठे, किती आणि कोणत्या वयात, हे विचारल्याशिवाय तो चांगला की वाईट हा प्रश्नच उभा राहत नाही.

माझ्या मते इथे दोघं नकळत एकाच जागी आली. ताण मारतो ही सरांची बाजू आणि ताण जागं करतो ही तिची. दोन्ही खरं असू शकतं, पेशी बदलली की. पण सर ते मान्य करायच्या बेतात नव्हते आणि मीही मध्ये पडलो नाही. एका गोष्टीवर मात्र एकमत झालं, आणि फार लवकर. मी गोळ्यांचा विषय काढला. आमच्याकडे कुठल्याही आजारपणानंतर चिठ्ठीच्या तळाशी एक अँटिऑक्सिडंटची गोळी असतेच.

सर : गोळी आणि एन्झाइम यांची बरोबरी करू नकोस. कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड रेणू मोडतो आणि तसाच शिल्लक राहतो. ‘ई’ जीवनसत्त्वाचा रेणू एक-दोन रॅडिकल झेलतो आणि खर्ची पडतो. गोळीने एन्झाइमचं काम होत नाही. मी आयुष्यात कोणालाही ही गोळी घे म्हणून सांगितलेलं नाही.

शिष्या : आणि नुकसानही झालंय. १९९४ सालीच, ऑर-सोहल यांच्याच वर्षी, फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचे निकाल आले. बीटा-कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. लोक बरं वाटावं म्हणून घेत होते.

हे म्हणताना तिचा आवाज चढला. चिलटांच्या नळ्यांतला वाद माणसांच्या शरीरात उतरतो तो असा, आणि म्हणूनच तुलनेचा गट कोणता होता हा रुक्ष वाटणारा प्रश्न मला इतका महत्त्वाचा वाटतो. सर थोडा वेळ नळ्यांकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि कागद मागितला.

सर : प्रयोग मांड. असा, की ज्याचा निकाल आपण दोघंही मानू.

शिष्या : दीर्घायुषी चिलटं घ्यायची, रानातून पकडून आणलेल्यांच्या वंशातली, आपसात न वाढवलेली. एन्झाइम जन्मापासून नाही, मध्यम वयानंतर चालू करायचं. एका गटात आतड्यात, एकात चेतापेशींत, एकात स्नायूत. चालू करायला जे काही द्यायचं, ऊब असो की औषध, ते तुलनेच्या गटालाही द्यायचं. तरीही आयुष्य वाढलं आणि मरण्याचा वेग दुप्पट व्हायचा काळ लांबला, तर मी मानेन की हा म्हातारपणाचाच भाग आहे, नुसती भरपाई नाही.

सर : आणि तिन्ही ठिकाणी काहीच झालं नाही, तर हार्मनचा सिद्धांत मी रोगांच्या प्रकरणात शिकवेन, म्हातारपणाच्या प्रकरणात नाही. पण एकाच वाणावर थांबायचं नाही. आणि नर-माद्या वेगळ्या मोजायच्या.

शिष्या : वेगळ्याच मोजते, सर. पण तीन गट, तुलनेचे तीन, नर-मादी, आणि वर वाण वाढवले तर नळ्या किती होतील बघा. मोजणारी माणसं कुठून आणू?

सर : मी येतो मोजायला.

शिष्या : नळ्या रविवारीसुद्धा बदलाव्या लागतात.

सर : रविवारी सकाळी मी मोकळाच असतो. आधी ती चिकटून मेलेल्यांची नोंद कशी करता ते दाखव.